मागावं लागतं त्याची किंमत

ऑफिसच्या हँडबुकात एक वाक्य हमखास असतं: विशेष सोयीची आवश्यकता असल्यास एचआर विभागाशी संपर्क साधावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं लक्ष जातं ते या वाक्याने गुपचूप केलेल्या वाटणीकडे. काही माणसांना सकाळी आल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत काहीच मागावं लागत नाही. दार त्यांच्या मापाचं, खुर्ची त्यांच्या उंचीची, मीटिंगची वेळ त्यांच्या घरच्या धबडग्यात बसणारी, विनोदसुद्धा त्यांना कळणारे. उरलेल्यांनी संपर्क साधायचा.

वैविध्य, समता, समावेशन, सुगम्यता असे चार जड शब्द हल्ली कंपन्यांच्या वेबसाइटवर एका ओळीत मांडलेले दिसतात. या विषयावरच्या बैठकांना मी बसत आले आहे, धोरणांचे मसुदे वाचत आले आहे, आणि हळूहळू माझी मोजपट्टी एकच उरली आहे. इथे कोणाला काय मागावं लागतं, आणि मागितल्यावर त्याचं पुढे काय होतं, एवढंच मी बघते.

मागणं हे एक काम आहे आणि ते दमवतं, याची कल्पना ज्यांना मागावं लागत नाही त्यांना सहसा नसते. माझ्या एका सहकाऱ्याला लहानपणापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना यंत्रं आहेत. यंत्र लावलं म्हणजे प्रश्न मिटला, असं बाकीच्यांना वाटतं. पण यंत्र मोठा करतं तो सगळाच आवाज: बोलणाऱ्याचा, एसीचा, शेजाऱ्याने सरकवलेल्या खुर्चीचा. राहिलेली भर ओठ वाचून घालायची. आता प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. क आणि ग तर आतल्या आत होतात, दिसतच नाहीत. म्हणजे थोडं कानाने धरायचं, थोडं डोळ्यांनी, बाकीचं अंदाजाने भरायचं, आणि ते भरून होईपर्यंत बोलणारा पुढच्या मुद्द्यावर पोचलेला असतो. कोणी फळ्याकडे तोंड करून बोललं, कोणी पेन ओठांसमोर धरलं, दोघं एकदम बोलू लागले, की संपलं. संध्याकाळी तो ज्या थकव्याने घरी जातो त्याला टाइमशीटमध्ये रकाना नाही.

त्याने मागून पाहिलं होतं. एका वेळी एकानेच बोला, एवढंच. पहिली दहाएक मिनिटं सगळे कटाक्षाने पाळत आणि विषय तापला की विसरत. पुन्हा आठवण करून द्यायची तर चर्चेत मोडता घातल्याचा दोष. शेजारच्याला "काय म्हणाले?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असे: "काही नाही रे, सोड, एवढं महत्त्वाचं नव्हतं." महत्त्वाचं होतं की नव्हतं हे परस्पर ठरवून टाकणारं हे वाक्य त्याच्या सर्वांत नावडतं. कालांतराने त्याने मागणं सोडलं. मग अप्रेझलमध्ये शेरा आला: मीटिंगमधला सहभाग वाढवावा.

पुढे मीटिंगा व्हिडिओवर गेल्या आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्शनचं बटण होतं. त्याने ते दाबलं. कोणाची परवानगी नको, कोणाला कारण सांगायला नको. कॅप्शन चुकतात, माणसांच्या नावांची तर पार वाट लावतात, पण बोलण्याचा धागा हातात राहतो. थोड्याच दिवसांत आम्हाला शोध लागला की हा माणूस शांत वगैरे मुळीच नाही. चांगलाच वाद घालणारा आहे. त्याच्यामुळे मीटिंग लांबते, अशी आता काहींची तक्रार असते. मला ही तक्रार फार आवडते.

मागायचं तर आधी सांगावं लागतं, ही दुसरी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसं, म्हणजे सहांपैकी एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. यातलं बरंचसं दिसत नाही. अपस्मार, नैराश्य, लिहिणं-वाचणं जड करणारा डिस्लेक्सिया, दर तासाला स्वच्छतागृहात जायला लावणारं आतड्याचं दुखणं. अशा माणसाला खुर्ची दाराजवळ हवी असेल तर त्याने आपलं पोट आपल्या मॅनेजरसमोर उघडं करायचं. सांगितलेलं परत घेता येत नाही. मॅनेजर बदलला की पुन्हा पहिल्यापासून. प्रमोशन हुकलं की मनात कायमची शंका: हे कामामुळे झालं की त्या दिवशी जे सांगितलं त्यामुळे? पुष्कळजण हा हिशेब मनातल्या मनात मांडतात आणि दुखणं घेऊन गप्प बसतात. व्यवस्थापन मग समाधानाने सांगतं की आमच्याकडे अशी मागणी कधी आलीच नाही.

खर्चाचं कारण पुढे केलं जातं, ते मला फारसं पटत नाही. अमेरिकेत 'जॉब अकोमोडेशन नेटवर्क' नावाची एक सेवा आहे; कर्मचाऱ्याला कोणती सोय कशी करून द्यावी याचा सल्ला ती मालकांना फुकट देते आणि त्या सोयीला खर्च किती आला हे नंतर विचारते. वर्षानुवर्षं साधारण निम्म्या किंवा त्याहून जास्त मालकांचं उत्तर एकच आहे: काहीच नाही. बसण्याची जागा बदलणं, सूचना तोंडी देण्याऐवजी लिहून देणं, सुट्टीची वेळ थोडी सरकवणं, याला पैसे पडत नाहीत. जिथे पडतात तिथेही बहुतेक वेळा एकदाच पडतात. खरी अडचण पैशाची नसते, आपण ज्याला नेहमीचं म्हणतो ते थोडं हलवण्याची असते.

हे नेहमीचं येतं कुठून? २०१५ साली दोन डच संशोधकांनी ऑफिसातल्या तापमानाचा माग काढला. एसीचा आकडा ठरवण्याची प्रमाणकं १९६०च्या दशकातल्या एका सूत्रावर उभी होती, आणि त्या सूत्रात शरीर किती उष्णता निर्माण करतं याचा अंदाज धरला होता तो चाळिशीच्या, सत्तर किलो वजनाच्या पुरुषाचा. बायकांच्या बाबतीत तो अंदाज ३५ टक्क्यांपर्यंत जास्त निघू शकतो, असं त्यांनी दाखवलं. भर उन्हाळ्यात ऑफिसात स्वेटर घालून बसणाऱ्या बाईला नाजूक म्हणण्याची पद्धत होती. आकडा कोणाच्या अंगावर बेतला आहे हे कोणी विचारलं नव्हतं. अंतराळातही तीच कथा. मार्च २०१९मध्ये दोन स्त्रिया मिळून पहिल्यांदाच अंतराळस्थानकाबाहेर चालणार होत्या. दोघींनाही अंतराळपोशाखाचा धडावरचा भाग मध्यम मापाचा लागत होता आणि तसा वापरायला तयार एकच होता. बेत रद्द झाला. तो ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मेअर यांनी पुरा केला. दोन्ही ठिकाणी कोणाचा वाईट हेतू नव्हता, आणि हीच या विषयातली खरी गोची आहे. दोषी सापडत नाही, त्यामुळे काही चुकलंय असंही वाटत नाही.

या संदर्भात मला नेहमी आठवतात त्या स्टेफनी शर्ली. १९३९ साली, पाच वर्षांच्या असताना, नाझी राजवटीतून ज्यू मुलांना वाचवणाऱ्या गाडीतून त्या ब्रिटनला पोचल्या. पुढे गणित आणि संगणक. लग्न झालेल्या, मूल असलेल्या बाईने प्रोग्रामर म्हणून काम करत राहावं ही कल्पनाच त्या काळच्या ऑफिसांना पेलत नव्हती. १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली आणि मुलांसाठी नोकरी सोडलेल्या प्रोग्रामर बायकांना घरबसल्या काम द्यायला सुरुवात केली. सही 'स्टेफनी' अशी केलेल्या पत्रांना उत्तर येईना. नवऱ्याने सुचवलं म्हणून 'स्टीव्ह' अशी सही सुरू केली, मग कामं येऊ लागली. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागे टाइपरायटरच्या टकटकीची टेप लावायची, म्हणजे पलीकडे ऑफिस वाटावं, बाळाचं रडणं ऐकू जाऊ नये. काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रामिंग अशा घरोघरी बसलेल्या बायकांनी केलं. पहिल्या तीनशे कर्मचाऱ्यांमध्ये २९७ बायका होत्या. नंतर कंपनीची मालकी कर्मचाऱ्यांमध्ये वाटली गेली तेव्हा त्यातले सत्तरजण दशलक्षाधीश झाले.

शर्लीबाईंनी या बायकांना सवलत दिली असं मी म्हणणार नाही. सवलत दिली असती तर त्या ऑफिसात नऊ ते पाच येणाऱ्यांच्या मागे, थोड्या कमी, थोड्या उपकृत अशा राहिल्या असत्या. त्यांनी कामाचा आकारच वेगळा कापला आणि त्या आकारात घरून काम करणारी बाई हीच नेहमीची ठरली. यातला विनोद असा की १९७५ साली ब्रिटनमध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा आला आणि मुख्यतः बायकांनाच घेण्याचं शर्लीबाईंचं धोरण बेकायदा ठरलं. पुरुषांना घ्यावं लागलं! इतिहासाला कधी कधी खोड्या सुचतात.

शर्लीबाईंनी कंपनी काढल्यानंतर जवळपास सहा दशकं व्हीलचेअर वापरणारी, सतत दुखणं सोसणारी, घरी आजारी माणूस असलेली माणसं घरून काम मागत राहिली आणि बहुतेकांना उत्तर मिळत राहिलं की तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, टीमवर परिणाम होईल. मार्च २०२०मध्ये धडधाकट माणसांना घरी बसावं लागलं आणि ते सगळं एकदोन आठवड्यांत शक्य झालं. पुढे साथ ओसरली आणि पुन्हा ऑफिसात या अशी फर्मानं निघाली, तेव्हा त्याच माणसांना पुन्हा अर्ज भरावे लागले. मधल्या काळात त्यांनी केलेलं काम सगळ्यांनी पाहिलेलं होतं, तरीही.

गुणवत्तेचा मुद्दा निघतोच. निघावाही. निवड लायकीवर व्हावी हे मलाही मान्य आहे, पण लायकी मोजणारं माप तपासलेलं असावं एवढी अट आहे. मेरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे पाच हजार खोटे बायोडाटा पाठवले. मजकूर तोलामोलाचा, फरक नावांचा. काही नावं ऐकताच गोऱ्या माणसाची वाटावीत, काही कृष्णवर्णीयांची. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार गोऱ्या नावाला एक फोन यायला साधारण दहा अर्ज लागत, काळ्या नावाला पंधरा. मला त्याहून बोचलेली गोष्ट पुढची आहे. बायोडाटा अधिक चांगला केला तर गोऱ्या नावांचा फायदा बराच वाढे, काळ्या नावांचा जेमतेम. म्हणजे 'आधी लायक बना' हा सल्ला ज्याला दिला जातो, त्यालाच तो सर्वांत कमी लागू पडतो.

नाव झाकलं तरी मुलाखत उरतेच. उमेदवार बाहेर गेला की कोणीतरी म्हणतं, "माणूस चांगला आहे, पण आपल्यात मिसळेल असं वाटत नाही." हे वाक्य मी इतक्या पॅनलांवर ऐकलंय की आता मी फक्त विचारते, कशावरून? बहुतेकदा उत्तर उच्चारांवर, डोळ्याला डोळा न देण्यावर, किंवा काहीच नसल्यावर येऊन थांबतं. ऑटिझम असलेल्या अनेकांना समोरच्याच्या डोळ्यांत बघत उत्तर देणं जड जातं. कोडमधला बिघाड शोधायला डोळ्यांत बघावं लागत नाही.

त्याच्याही आधी अर्जाचं पोर्टल असतं. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावून एखाद्या कंपनीच्या रजेच्या किंवा भरतीच्या पोर्टलवर जाऊन बघा. ज्या बटणाला बनवणाऱ्याने नावच दिलेलं नाही, तिथे तो बिचारा "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणत राहतो. सबमिटचं कुठलं, रद्द करण्याचं कुठलं? अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांत किमान ४.५ : १ एवढा फरक असावा हा नियम २००८ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, तरी फिकट राखाडीवर थोडा कमी फिकट राखाडी मजकूर ठेवण्याची हौस काही जात नाही. एनव्हीडीए हा जगभर वापरला जाणारा स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने सुरू केला आणि जेम्स टेह या अंध मित्राच्या साथीने पुढे नेला, कारण बाजारातले महाग होते. तो फुकट आहे. त्याने वाचता येईल असं पोर्टल बनवणं एवढंच आपल्याकडे उरतं, आणि तेच राहून जातं.

एखादी बाई, एखादा अपंग माणूस, एखादी तृतीयपंथी व्यक्ती कामावर घेतली की माहितीपत्रकातल्या फोटोची सोय होते. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली एका बड्या कंपनीचा अभ्यास मांडताना दाखवलं होतं की गटात एखादीच वेगळी व्यक्ती असली की ती सतत उजेडात राहते. तिची चूक तिच्या सगळ्या जमातीच्या खात्यावर जमा होते आणि तिचं यश अपवाद म्हणून बाजूला काढलं जातं. अशा एकट्या माणसाकडून मागणीची अपेक्षा कशी करायची? त्याला मुळात दिसायचंच नसतं. दोघंतिघं झाले, की कोणीतरी पहिल्यांदा म्हणतं, या खोलीत आवाज फार घुमतो नाही का.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यातच बोलते, कारण त्यावर आधीच बराच वेळ खर्च झाला आहे. फ्रँक डॉबिन, अलेक्झांड्रा कालेव्ह आणि एरिन केली या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ७०८ कंपन्यांच्या तीन दशकांच्या नोंदी तपासल्या. २००६च्या त्यांच्या निष्कर्षात, व्यवस्थापकांमध्ये वैविध्य वाढवण्यात मनं बदलण्याची प्रशिक्षणं सर्वांत कमी उपयोगी ठरली. ज्या कंपन्यांनी हे काम ठरावीक माणसांवर किंवा समितीवर सोपवलं आणि त्यांना जाब विचारला, तिथे आकडे हलले. मला यात नवल वाटलं नाही. क्विझमध्ये शंभरपैकी शंभर मिळवलेला मॅनेजर दुसऱ्या दिवशी मीटिंग संध्याकाळी साडेसहाला ठेवतो, तेव्हा त्याचं मन वाईट नसतं. त्याला कोणी विचारणारं नसतं.

मागणी ऐकली जायला किती वेळ लागतो याचं सर्वांत स्पष्ट चित्र अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठी लढलेल्या जुडिथ ह्यूमन यांच्या आयुष्यात आहे. लहानपणीच्या पोलिओमुळे त्या व्हीलचेअर वापरत. न्यूयॉर्कने त्यांना शिक्षिकेचा परवाना नाकारला. आग लागली तर त्या स्वतःला आणि मुलांना बाहेर कशा काढणार, हे कारण. १९७० साली त्या कोर्टात गेल्या, परवाना मिळाला. १९७३च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करायला मनाई केली, पण तो लागू करणारे नियम चार वर्षं सहीविना पडून राहिले. एप्रिल १९७७मध्ये ह्यूमन यांच्यासह शंभराहून अधिक अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी इमारतीत जाऊन बसली आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ हलली नाहीत. फोन तोडले गेले तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप पोचवले. महिनाअखेरीस सही झाली. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या करारात तर वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. कागदावर मागणाऱ्याची बाजू आता भक्कम आहे. त्याने तो कागद दर वेळी खिशातून काढून दाखवायचा का, एवढाच प्रश्न आहे.

आता 'मग मला का नाही?' हा प्रश्न. लहान मूल असलेली सहकारी चारला निघते आणि मूल नसलेला तिचं राहिलेलं काम उचलतो, तेव्हा तो चिडतो, आणि त्याच्या चिडण्याला मत्सर म्हणून उडवून लावणं मला बरोबर वाटत नाही. ब्रिटनने यावर एक वाट काढली. २००३ साली कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क तिथे लहान किंवा अपंग मुलांच्या पालकांना मिळाला. २०१४पासून ठरावीक काळ नोकरी झालेल्या कोणाही कर्मचाऱ्याला, आणि २०२४पासून नोकरीच्या पहिल्याच दिवसापासून. आईला भेटायला जायचंय, पोहायला जायचंय, काहीही असो. सोय सगळ्यांची झाली की ती घेणाऱ्याकडे कोणी बोट दाखवत नाही. अर्थात तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे.

आणि सगळ्यांच्या गरजा एकमेकींशी गुण्यागोविंदाने नांदतात असंही समजू नये. हा भाग सादरीकरणांत कधीच येत नाही. एकाचा मार्गदर्शक कुत्रा, शेजारणीला कुत्र्यांची ॲलर्जी. एकाला कॅप्शनशिवाय कळत नाही, दुसऱ्याचं लक्ष त्या सरकत्या अक्षरांनी उडतं. आमच्याकडे सध्या भांडण उजेडाचं आहे. एका सहकाऱ्याची नजर अधू आहे, त्याला लख्ख उजेड लागतो. त्याच रांगेतल्या एकीला ट्यूबलाइटने अर्धशिशी उठते. बरीच चर्चा होऊन छतावरचे निम्मे दिवे काढले आणि ज्याला हवा त्याला टेबलावर दिवा दिला. कोणाला अर्ज भरावा लागला नाही, दिवे कपाटात ठेवलेत, घ्या आणि लावा. दोघंही खूश होते. आता तिसरा एकजण म्हणतोय की त्या टेबललॅम्पची तिरीप काचेवरून त्याच्या पडद्यावर येते. त्याची खुर्ची फिरवून बघितली, जमलं नाही. पुढच्या आठवड्यात दिव्यांना झडपा लावून बघणार आहोत.